कोशाची परीक्षा एका घाणेरड्या शब्दाने : एटिमऑनलाइन वापरून पाहताना

इंग्रजी चित्रपट आणि मालिका यांना मराठी उपशीर्षके लिहिणे हा माझा व्यवसाय आहे आणि या व्यवसायात दिवसभरात ज्या एका शब्दाशी माझी सर्वांत जास्त वेळा गाठ पडते, तो शब्द ‘लव्ह’ नसून ‘शिट’ आहे. गाडी चुकली, गोळी लागली, पोळी करपली, परीक्षेचा निकाल लागला, प्रियकर दारात उभा राहिला, असे काहीही झाले तरी पडद्यावरचे पात्र हाच शब्द उच्चारते आणि मला दर वेळी ‘छे!’, ‘मेलो!’, ‘बोंबला!’, ‘लागली वाट!’ यांपैकी काहीतरी निवडून दोन सेकंदांत वाचून होईल अशा ओळीत बसवावे लागते. या कामाला शब्दकोश कशाला लागतो, असे कोणी विचारील. तो लागतो, कारण चौदाव्या शतकातला शेतकरी हा शब्द बोलला तर ती शिवी ठरत नाही, एकोणिसाव्या शतकातल्या उमरावाच्या तोंडी तोच शब्द आला तर जेवणाच्या टेबलावर भूकंप होतो आणि आजच्या शाळकरी मुलीच्या तोंडी तो जवळजवळ ‘अय्या’इतका निरुपद्रवी झालेला असतो. शब्दाचे वय आणि त्याची चालचलणूक कळल्याखेरीज मराठीत त्याला योग्य वजनाचा जोडीदार सापडत नाही. गेली काही वर्षे मी या कामासाठी प्रामुख्याने ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हे इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती, म्हणजे शब्द कुठून आणि कसा आला ते सांगणारे संकेतस्थळ वापरते. लोक त्याला सुटसुटीतपणे ‘एटिमऑनलाइन’ म्हणतात. त्याचेच हे परीक्षण आहे.

कोश तपासण्याची माझी एक जुनी रीत आहे. तांदूळ घेताना जशी मूठभर दाणे तळहातावर घेऊन कणी किती आणि खडे किती हे आपण पाहतो, तशी मी नव्या कोशात पहिल्यांदा सर्वांत घाणेरडा शब्द काढून पाहते. जो कोश तिथे लाजत नाही, तो इतरत्रही सहसा खोटे बोलत नाही, असा माझा अनुभव आहे. मोबाइलवरच्या एका इंग्रजी-मराठी कोशाने या परीक्षेत मला पहिले अक्षर आणि पुढे तीन चांदण्या दाखवल्या होत्या, म्हणजे ज्याला शब्द ठाऊक आहे त्याला काही नवे कळू नये आणि ज्याला ठाऊक नाही त्याला काहीच कळू नये अशी चोख व्यवस्था केली होती. दुसऱ्या एकाने अर्थाच्या जागी केवळ ‘अपशब्द’ असे छापून हात झटकले. आपल्याकडे ‘हगणाऱ्याला नाही, तर बघणाऱ्याला तरी लाज असावी’ असे म्हणतात. कोशकाराने मात्र ही म्हण स्वतःला लावून घेऊ नये. सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर काही सभ्य स्त्रियांनी त्यात अभद्र शब्द न घेतल्याबद्दल त्याचे अभिनंदन केले आणि त्यावर ‘म्हणजे आपण ते शोधून पाहिलेत तर!’ असे उत्तर त्याने दिले, असा किस्सा सांगितला जातो. किस्सा खरा असो वा रचलेला, माझी परीक्षा घेणारे लोक अडीचशे वर्षांपूर्वीही होते याचा मला आनंद वाटतो.

एटिमऑनलाइन हे काम मुळात एका माणसाचे आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर येथे राहणाऱ्या डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या सुरुवातीला ते उभे केले. ते विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ नव्हेत. वर्तमानपत्राच्या संपादन विभागात काम केलेला आणि स्थानिक इतिहासाचा नाद असलेला हा गृहस्थ आहे, आणि मजकूर काटून नेमका करण्याची वर्तमानपत्री सवय त्यांच्या नोंदींत पदोपदी जाणवते. आपण स्वतः नवे संशोधन केल्याचा त्यांचा दावा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशापासून जुन्या-नव्या व्युत्पत्तिकोशांपर्यंत अनेक साधने समोर ठेवून त्यांचे सार काढलेले आहे, ही गोष्ट ते उघडपणे सांगतात. संकेतस्थळ विनामूल्य आहे, त्यावर जाहिराती असतात, आणि मोबाइलसाठी त्याचे ॲपही आहे. पान उघडले की वर शोधण्याची एक पट्टी असते आणि तिच्यात शब्द टाकला की त्याचे नाम, क्रियापद, उद्गार असे वेगवेगळे जन्मदाखले एकाखाली एक येतात. प्रत्येक दाखल्याच्या आरंभी सन किंवा शतक असते. माझ्यासारखीला हवे असते ते नेमके हेच.

आता आपला शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचे क्रियापद ‘शीतन’ असे होते आणि त्याच्याच कुळातले ‘शित्ते’ हे नाम अतिसारासाठी वापरले जाई. मराठीत ‘हगणे’पासून ‘हगवण’ झाली, तसाच हा प्रकार आहे, आणि दोन्हीकडे पोटाचे दुखणे नामाच्या वाट्याला आले आहे हे पाहून मला पहिल्यांदा या कोशाविषयी आपुलकी वाटली. जर्मनमधले ‘शायसन’ आणि आइसलँडिकमधले ‘स्कीता’ ही याची सख्खी भावंडे होत. मध्ययुगात हा शब्द अंगणातल्या शेणाइतकाच साधा होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात एका सज्जन धर्मगुरूचे वर्णन करताना ‘मेंढपाळ हागाने बरबटलेला आणि मेंढरू मात्र स्वच्छ’ ही किती लाजिरवाणी गोष्ट, असे म्हटले आहे आणि तिथे त्याने हाच शब्द विशेषण करून बिनदिक्कत वापरला आहे. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावर त्याचा पाय घसरला. शेक्सपियरच्या नाटकांत तो नाही आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलातही नाही. गंमत अशी की त्याच बायबलात लघवीसाठीचा तितकाच रोखठोक शब्द जागोजागी आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तो सर्वांना वाचता येतो. म्हणजे दोन शब्दांपैकी एकाला देवळात प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याला पायरीवरच अडवले गेले. त्यानंतर तीनएकशे वर्षे तो छापील कागदावर सहसा दिसेनासा झाला, दिसला तर मधल्या अक्षरांच्या जागी रेघा घेऊन दिसला आणि बोलण्यात मात्र कधीच मरण पावला नाही. या नोंदीमुळे माझा व्यवहारातला एक प्रश्न कायमचा सुटला. मध्ययुगीन पात्राच्या तोंडी हा शब्द आला की मी ‘घाण’ किंवा थेट ‘हागणे’ लिहिते, आणि व्हिक्टोरियन दिवाणखान्यात तो पडला की ओळीत अशी काहीतरी शिवी घालते की वाचणाऱ्याची भुवई वर गेली पाहिजे.

या कोशातली खरी मौज मात्र शब्दाच्या नोंदीत नसून तिच्यातून उघडणाऱ्या धातूच्या पानावर आहे. भाषाशास्त्रज्ञांनी युरोपीय आणि भारतीय भाषांची तुलना करून जी आदिम धातुरूपे मांडली आहेत, त्यांची स्वतंत्र पाने येथे आहेत. ‘शिट’च्या नोंदीतून आपण ‘स्कै’ या धातूवर जातो. त्याचा अर्थ ‘कापणे, चिरणे, वेगळे करणे’ असा दिलेला आहे; शरीरापासून जे वेगळे झाले ते, अशी यामागची कल्पना आहे. या पानावर त्या धातूपासून झालेल्या इंग्रजी शब्दांची जी यादी आहे, ती पहिल्यांदा वाचताना मी चहाचा कप तसाच हातात धरून बसले होते. ‘सायन्स’ तिथे आहे, कारण लॅटिनमध्ये ‘जाणणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे त्याचा मूळ भाव बहुधा ‘एका गोष्टीपासून दुसरी वेगळी काढणे’ असा होता. ‘कॉन्शन्स’ म्हणजे सदसद्विवेकबुद्धी तिथे आहे. दुभंगलेल्या मनाच्या आजाराला दिलेल्या ‘स्किझोफ्रेनिया’ या नावाचा पहिला अर्धा भाग तिथे आहे. बर्फावर घसरण्याची ‘स्की’ तिथे आहे, कारण ती मुळात लाकूड चिरून काढलेली फळी होती. नडगीला म्हणतात ती ‘शिन’, तलवारीचे म्यान म्हणजे ‘शीद’, आणि लबाड वकिलाला अमेरिकेत म्हणतात तो ‘शायस्टर’, हे सगळे एकाच पंगतीला बसलेले आहेत. विज्ञान आणि विष्ठा यांना शेजारी पाट मांडून देणारी ही यादी रचताना संपादकाने कुठेही डोळा मिचकावलेला नाही, आणि मला त्याचा हा संयम फार आवडला.

यादीच्या खाली, हा धातू खरोखर अस्तित्वात होता असे मानायला आधार काय, हे सांगणारी दुसरी यादी असते आणि तिच्यात ग्रीक, लॅटिन, लिथुआनियन यांच्या रांगेत संस्कृत बसलेले असते. रोमन लिपीत लिहिलेले ते रूप मी दोनदा वाचले तेव्हा कुठे उलगडा झाला. ते ‘छिनत्ति’ होते. म्हणजे छिद् धातू, म्हणजे आपले छेद, छिद्र, छिन्न, विच्छेद, पदच्छेद आणि शवविच्छेदनसुद्धा.

त्या दिवशी घरात घडलेला एक प्रसंग येथे सांगते, कारण या कोशाचे गुण मला त्यातूनच नीट समजले. सातवीतली माझी मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अपूर्णांकांची उदाहरणे सोडवत होती आणि गॅसवरचे दूध उतू गेल्याबरोबर ती ‘ओह शिट!’ म्हणून ओरडली. माझ्या सासूबाईंनी आधी गॅस बंद केला आणि मग विचारले, “म्हणजे काय गं ते?” मुलगी गप्प. मी म्हटले, “आई, त्याचा अर्थ शी असा होतो.” त्या जराही न विचलित होता म्हणाल्या, “मग शी म्हणावं की सरळ! त्यांनी आपलाच शब्द उचललेला दिसतोय.” तर्क मोहक होता. ‘शी’ आणि ‘शिट’ यांचा अर्थ एक, आरंभीचा ध्वनी एक, दोन्ही लहान मुलांच्या बाबतीत वापरले जातात आणि दोन्ही किळस आल्यावर उद्गार म्हणून बाहेर पडतात. इतके सगळे जुळत असताना नाते नाही असे कोण म्हणेल? पण नाते नाही. इंग्रजीतला हा ‘श’ जुन्या ‘स्क’चा झालेला आहे आणि त्या ‘स्क’चे संस्कृतात ‘छ’ होते. ग्रीकमध्ये सावलीला ‘स्किआ’ म्हणतात आणि आपण ‘छाया’ म्हणतो, हे त्याच नियमाचे दुसरे उदाहरण. म्हणून ‘शिट’चा खरा नातलग माझ्या सासूबाईंना वाटला तो ‘शी’ नव्हे. तो त्या क्षणी माझ्या मुलीच्या वहीत आडव्या रेघेच्या खाली शांतपणे बसलेला होता. अंश वर, छेद खाली. मी तिला तसे सांगितले तेव्हा तिने वहीकडे अशा नजरेने पाहिले की गणिताविषयीची तिची जुनी शंका एकदाची खरी ठरली असावी. दिसायला जुळी असलेली माणसे परकी निघणे आणि चेहऱ्याने काहीच साम्य नसलेली माणसे सख्खी निघणे, हा व्युत्पत्तिशास्त्राचा नित्याचा अनुभव आहे आणि तो सामान्य वाचकाच्या हाती इतक्या सहज देणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

‘शिट’वरून पुढे सरकल्यावर मी त्याच अर्थाचे सभ्य शब्द काढून पाहिले आणि ते सगळे वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा वेगळे करण्याच्याच कल्पनेशी पोहोचतात असे दिसले. ‘एक्स्क्रिमेंट’ हा दवाखानी शब्द लॅटिनमधल्या ‘चाळून बाहेर काढणे’ या क्रियापदापासून आला. त्याच चाळणीतून ‘सीक्रेट’ म्हणजे वेगळे काढून ठेवलेले आणि त्यावरून ‘सेक्रेटरी’ पडले. ग्रीक शाखेतून ‘क्रायसिस’ आणि ‘क्रिटिक’ पडले. परीक्षण लिहिणारी मी आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आमचे सेक्रेटरी यांचा एक्स्क्रिमेंटशी असा घरोबा निघावा, हे कळल्यावर मी ही नोंद संस्थेच्या समूहावर पाठवण्याचा मोह आवरला. ‘क्रॅप’ या शब्दाची गोष्ट खळ्यावरची आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये आणि तिथून जुन्या फ्रेंचमध्ये धान्य पाखडल्यावर उरलेल्या कोंड्याभुश्शाला जे नाव होते, ते इंग्रजीत आले, मग तण, गाळ, चरबी वितळवून उरलेली बेरी अशा टाकाऊ गोष्टींना लागत गेले आणि १८४६ च्या सुमारास पोट साफ करण्याच्या क्रियेसाठी नोंदले गेले. मराठीत ‘फोलपट’ या शब्दाने हाच प्रवास करायला हरकत नव्हती. आपण मात्र त्याला फक्त निरर्थक बोलण्यापर्यंतच नेले आणि पुढची पायरी सोडून दिली.

या सनाचे महत्त्व मला पुढच्या खटल्यात पटले. तो खटला टॉमस क्रॅपर याचा. इंग्रजीत गप्पा मारणारा प्रत्येक मनुष्य आयुष्यात एकदा तरी तुम्हाला ऐकवतो की फ्लशचा संडास क्रॅपर नावाच्या माणसाने शोधला आणि म्हणून त्या क्रियेला ‘क्रॅप’ म्हणतात. माणूस खरा आहे. तो १८३६ मध्ये यॉर्कशायरमधल्या थॉर्न या गावी जन्मला, लंडनच्या चेल्सी भागात त्याने नळकामाचा आणि स्वच्छतागृहांच्या साहित्याचा व्यवसाय उभारला, त्याच्या नावावर पेटंटे होती, राजपुत्राच्या सँडरिंगहॅम येथील निवासाचे काम त्याच्याकडे होते, आणि त्याचे नाव कोरलेली मॅनहोलची झाकणे वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात आजही पाहायला मिळतात. १९१० मध्ये तो वारला. फ्लशची कल्पना मात्र त्याच्या फार आधीची आहे. सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्ये तिचे वर्णन छापले होते आणि अलेक्झांडर कमिंगला १७७५ मध्ये तिच्या सुधारित रूपाचे पेटंट मिळाले होते. शब्दाचे म्हणाल तर १८४६ मध्ये तो त्या अर्थाने नोंदला गेला, तेव्हा हे महाशय दहा वर्षांचे होते. १९६९ मध्ये त्याचे एक खुसखुशीत चरित्र निघाले आणि आधीच फिरत असलेल्या या गोष्टीला पंख फुटले. एटिमऑनलाइनने हा सगळा प्रकार अर्ध्या वाक्यात निकालात काढला आहे : लोक काहीही म्हणोत, शब्द त्या नळकाम करणाऱ्यावरून आलेला नाही. कोशाची किंमत माझ्या दृष्टीने अशा अर्ध्या वाक्यात असते. खरी व्युत्पत्ती सांगणारे पुष्कळ भेटतात, परंतु गोड आणि खोटी गोष्ट समोर ठेवून ‘ही खोटी आहे’ असे नाव घेऊन सांगणारे कमी असतात.

‘शिट’विषयीही अशीच एक गोष्ट ईमेलच्या जमान्यापासून फिरते आणि आता ती आपल्या मोबाइलवरही सुप्रभातच्या फुलांबरोबर येते. जहाजातून वाळलेले शेणखत नेत असत, तळाशी ते भिजले की ज्वलनशील वायू तयार होऊन स्फोट होई, म्हणून पेट्यांवर ‘वाहतुकीत वर ठेवा’ अशा अर्थाची चार इंग्रजी शब्दांची सूचना छापत आणि तिच्या आद्याक्षरांचा हा शब्द झाला, असे त्यात म्हटलेले असते. हजार वर्षांपूर्वी जो शब्द इंग्रजीत नांदत होता त्याला जहाजाच्या पेटीवर जन्म घ्यायचे कारण काय, एवढा एक प्रश्न विचारला तरी गोष्ट पाण्यात बुडते. आद्याक्षरांपासून शब्द बनवण्याची खोड प्रामुख्याने विसाव्या शतकातली आहे. त्याआधीच्या कोणत्याही जुन्या शब्दाची आद्याक्षरांची व्युत्पत्ती कोणी सांगू लागला तर त्याला आदराने चहा पाजावा आणि विषय बदलावा.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो ‘डेफिकेट’ या शब्दाने. लॅटिनमध्ये ‘फीक्स’ म्हणजे दारूच्या तळाशी बसलेला गाळ. त्याच्या अनेकवचनावरून ‘फीसीस’ हा वैद्यकीय शब्द झाला. गाळ काढून टाकणे या अर्थाच्या क्रियापदावरून इंग्रजीत सोळाव्या शतकात ‘डेफिकेट’ आले तेव्हा त्याचा अर्थ शुद्ध करणे, निवळणे एवढाच होता. मनुष्य मद्य डेफिकेट करू शके, विचार डेफिकेट करू शके आणि कोणी नाक मुरडत नसे. शरीराची क्रिया त्या शब्दाला चिकटली ती एकोणिसाव्या शतकात. आता आपल्या ‘शौच’कडे पाहावे. शुचि म्हणजे शुद्ध, त्यावरून शौच म्हणजे शुद्धता, आणि आज शाळेच्या दारावर ‘शौचालय’ ही पाटी वाचून पावित्र्य आठवणारा मनुष्य सापडणे कठीण. एकमेकींशी संबंध नसताना दोन भाषांनी घाणीला नाव देताना स्वच्छतेचाच पदर तोंडावर घेतला आणि काही काळाने तो पदरही मळला. त्यामुळे दर काही पिढ्यांनी नवा पदर शोधावा लागतो. मराठीने परसाकडे, बहिर्दिशा, झाडा असे किती तरी बदलले. इंग्रजीने कापडाच्या तुकड्याचे फ्रेंच नाव ‘टॉयलेट’ पुढे केले. पॅथॉलॉजीच्या पावतीवर ‘स्टूल’ लिहिलेले असते तो शब्दही बसण्याचे आसन या अर्थाचाच आहे आणि दुकानात आपण ज्यावर बसतो ते स्टूल आणि डबीत भरून देतो ते स्टूल यांत शब्दाच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. तिथेही धातूच्या मुळाशी गेलात तर आपले ‘स्थान’ वाट पाहत असते.

आता उणिवा. व्युत्पत्तीच्या शोधात कालनिर्णय सांगितला की त्याचा पुरावा पाहावासा वाटतो आणि तो येथे फारसा मिळत नाही. ऑक्सफर्डच्या कोशाची गोष्ट वेगळी आहे. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघालेल्या आणि २००० पासून जालावर आलेल्या त्या कोशात प्रत्येक अर्थाखाली लेखकाचे नाव, सन आणि मूळ वाक्य दिलेले असते, त्यामुळे शब्दाचे चारित्र्य आपल्याला स्वतःला वाचता येते. मात्र त्याला वर्गणी भरावी लागते, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीनेही चार रोमन अक्षरांच्या दोन अभद्र शब्दांपुढे हार मानली होती. १९७२ च्या पुरवणीत ते दोन्ही आले तेव्हा कुठे ती लाज गेली. एटिमऑनलाइनवर ‘१८४६’ असे छापलेले पाहून शब्द त्याच वर्षी जन्मला असे समजू नये. कागदावर तो तेव्हा पकडला गेला इतकेच, आणि घाणेरडा शब्द तर कागदावर येण्यापूर्वी कित्येक वर्षे लोकांच्या तोंडात असतो. उच्चार दिलेले नाहीत. अर्थही थोडक्यात असतात, त्यामुळे ‘यू डोन्ट नो शिट’ म्हणजे ‘तुला कप्पाळ कळतंय’ किंवा मोठी चूक केलेल्या मित्राला म्हटलेले वाक्य म्हणजे आपले ‘शेण खाल्लंस’, ही जाण या पानावरून येणार नाही. ती चित्रपट पाहून आणि कान उघडे ठेवूनच येते. सर्वांत मोठी अडचण मराठी वाचकाची आहे. संस्कृत रूपे रोमन लिपीत येतात, आणि ज्याला ‘सी-एच’ हे ‘छ’साठी आहे की ‘च’साठी हे ठाऊक नाही, त्याच्यासमोरून छिद्र निघून जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही. मी त्यासाठी एक वही ठेवली आहे आणि सापडेल तो नातलग देवनागरीत उतरवून ठेवते.

मराठी शब्दांसाठी हे संकेतस्थळ उपयोगाचे नाही, आणि त्याने तसे म्हटलेलेही नाही. ‘हगणे’ची कुळकथा हवी असेल तर शिकागो विद्यापीठाने जालावर विनामूल्य ठेवलेल्या दक्षिण आशियाई कोशांकडे जावे लागते. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश तिथे आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोशही आहे. पाणिनीय धातुपाठात ‘हद पुरीषोत्सर्गे’, म्हणजे ‘हद : मलत्याग करणे’, असा स्वच्छ धातू नोंदलेला आहे. आपल्या ‘हगणे’चे नाते त्याच्याशी जोडले जाते आणि ग्रीकमधले ‘खेझेइन’ हे त्याचे दूरचे भावंड. म्हणजे इंग्रजी शब्द जिथे ‘वेगळे काढणे’ असा आडपडदा घेऊन सुरू झाला, तिथे मराठी शब्दाने कोणताही पडदा न घेता थेट त्याच अर्थाने हजारो वर्षे काढली आहेत. तरीही ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्द महाराष्ट्र शासनाच्या कागदांवर आणि गावोगावच्या कमानींवर आला तेव्हा काहींना तो खटकला होता. मला तो शासकीय मराठीतला सर्वांत प्रामाणिक शब्द वाटतो. ‘उघड्यावरील शौचमुक्त’ असे लिहिले असते तर निम्म्या वाचकांना काय सोडायचे आणि काय धरायचे हे कळले नसते. हे सगळे कोश उत्तम आहेत, परंतु ते ग्रंथांची छायारूपे आहेत. एका नोंदीतून धातूवर आणि धातूतून दुसऱ्या शब्दाच्या अंगणात अलगद नेणारी, चालू मराठीत लिहिलेली अशी सेवा आपल्याकडे अजून कोणी उभारलेली नाही आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये निघाला होता हे आठवले की ही उणीव अधिकच टोचते.

अनुवादक, शिक्षक आणि भाषेविषयी कुतूहल असलेला कोणीही वाचक यांना मी एटिमऑनलाइन निःसंकोचपणे सुचवीन. ज्यांना न्यायालयात टिकेल असा पुरावा हवा आहे, त्यांनी येथून सुरुवात करून पुढे ऑक्सफर्डच्या दारात जावे. मुलांना हे संकेतस्थळ दाखवावे का, असे मला एका मैत्रिणीने विचारले. आमच्या घरी तो प्रश्न आता उरलेला नाही. दूध उतू गेले की माझी मुलगी हल्ली ‘ओह छेद!’ असे ओरडते आणि सासूबाईंची त्याला काहीच हरकत नाही.